मंत्रिमहोदय, आमच्या छपाईतून वीज वाहते

प्रति,
माननीय मंत्रिमहोदय

विषय : छापील इलेक्ट्रॉनिक्ससाठीच्या सामायिक सुविधा केंद्राचा प्रस्ताव निकाली काढल्याबाबत

महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आमच्या हाती एक सरकारी पत्र पडले. आमच्या औद्योगिक वसाहतीत छापील आणि लवचिक इलेक्ट्रॉनिक्ससाठी उभे राहणार असलेल्या सामायिक सुविधा केंद्राचा, म्हणजे अनेक लहान घटकांनी मिळून वापरायच्या यंत्रांच्या केंद्राचा, प्रस्ताव, अर्जदार घटकांचा व्यवसाय ‘मुद्रण’ या सदरात मोडत असल्याने, निकाली काढण्यात येत आहे, असे त्यात कळवले आहे. या केंद्राची कोनशिला आपण स्वतः बसवली होती आणि उद्याचे इलेक्ट्रॉनिक्स लहान उद्योजकांच्या हातून घडेल असे भर मांडवात सांगून टाळ्याही घेतल्या होत्या. त्या केंद्राचा असा शेवट झाल्याचे आपल्या कानावर घातले गेले नसेल तर ते या पत्राने घातले जावे, आणि घातले गेले असेल तर त्यावर आपले म्हणणे काय आहे ते आम्हाला जाहीरपणे कळावे, एवढ्यासाठी हे खुले पत्र लिहीत आहे. खात्याचे आणि वसाहतीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ही फाइल ज्या ज्या खात्यात गेली त्या त्या खात्याने ती दुसऱ्याची असल्याचे लेखी कळवले आहे. तेव्हा ज्या मंत्र्यांना हे पत्र आपल्यालाच उद्देशून आहे असे वाटेल, त्यांनी ते खुशाल आपले समजावे.

आमचा व्यवसाय छपाईचा आहे हे मी नाकारत नाही. माझे वडील याच टेबलावर लग्नपत्रिका, दुकानांचे फलक आणि यंत्रांवरच्या पाट्या छापत असत. मी डिप्लोमा करून धंद्यात आले तेव्हा लाकडी चौकटींच्या जागी अॅल्युमिनियमच्या चौकटी आल्या, कागदाच्या जागी पीईटी या प्लास्टिकची फिल्म आली आणि रंगाच्या जागी चांदीची शाई आली. आज आम्ही धुलाई यंत्रांची, वजनकाट्यांची आणि रुग्णालयातल्या उपकरणांची मेम्ब्रेन कीपॅड बनवतो. आपण मायक्रोवेव्हचे बटण म्हणून ज्या चित्रावर बोट ठेवता, त्याच्याखाली पातळ प्लास्टिकवर छापलेल्या चांदीच्या रेषा असतात. बोट दाबले की वरची रेष खालच्या रेषेला टेकते आणि वीज वाहते. त्या प्लास्टिकची एक शेपटी बाहेर काढून कनेक्टरमध्ये बसवलेली असते. तिला आम्ही टेल म्हणतो आणि आमच्या सगळ्या चिंता तिथेच असतात, कारण ती दुमडावी लागते. दुमडलेल्या जागी शाईला केसाएवढी चीर गेली तरी विजेच्या वाटेतला रोध वाढतो, बटण कधी चालते आणि कधी चालत नाही, आणि अख्खा माल परत येतो.

ही शाई हाताळणे कसे असते हे कोनशिलेच्या दिवशी आपल्याला दाखवायचे होते, पण आपल्याला पुढच्या कार्यक्रमाला जायचे होते. शाईत वजनाने निम्म्याहून अधिक चांदी असते आणि ती डब्याच्या तळाशी बसते. ती घुसळून ढवळली तर बुडबुडे होतात, म्हणून डबा हळूहळू फिरवत ठेवावा लागतो. स्क्वीजीचा, म्हणजे स्क्रीनच्या जाळीतून शाई दाबणाऱ्या रबरी पट्टीचा, कोन आणि दाब जरा चुकला की रेषेच्या कडा फाटतात. छापलेली फिल्म १२० ते १३० अंशांवर ओव्हनमध्ये भाजावी लागते आणि साधी पीईटी त्या तापमानाला आकसते. मग पहिला थर आणि दुसरा थर एकमेकांवर बसत नाहीत. त्यासाठी आधीच तापवून स्थिर केलेली महागडी फिल्म घ्यावी लागते. दिवसाच्या शेवटी स्क्रीनवर उरलेली शाई पातळ सुरीने निपटून परत डब्यात भरतो. पुसलेल्या चिंध्यासुद्धा आम्ही फेकत नाही. त्या पोत्यात साठवतो आणि कोल्हापूरजवळच्या हुपरीकडचा झारेकरी येऊन त्या घेऊन जातो, जाळतो आणि त्यातली चांदी काढतो. २०२५ च्या सुरुवातीला किलोमागे नव्वद हजारांच्या आसपास असलेली चांदी त्याच वर्षीच्या डिसेंबरात दोन लाखांच्या पुढे गेली, तेव्हापासून तर आम्ही त्या पोत्याला कुलूप लावतो. हुपरीत पिढ्यान्पिढ्या चांदी गाळली जाते आणि तिथून काही अंतरावर बसून मी चांदीची शाई परदेशातून मागवते, ही गंमत आपल्या भाषणात बसण्यासारखी आहे. अवश्य वापरावी.

आता छपाई म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स नव्हे असे ठरवणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी चार गोष्टी लिहिते, कारण हा निर्णय घेण्यापूर्वी त्या कोणी वाचल्याचे दिसत नाही.

प्लास्टिकमधून वीज वाहू शकते हे १९७७ मध्ये शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी दाखवले. पॉलिअॅसिटिलीनच्या फिल्मला आयोडीनची वाफ दिल्यावर तिची वाहकता सुमारे एक कोटी पटींनी वाढली आणि त्यासाठी तिघांना २००० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. या कथेची सुरुवात त्याआधीची आहे. शिराकावांच्या प्रयोगशाळेत एका पाहुण्या संशोधकाने उत्प्रेरक चुकून हजारपट घातला आणि काळ्या भुकटीऐवजी चंदेरी चकाकणारी फिल्म तयार झाली. हा प्रकार आपल्याकडे घडला असता तर लेखापरीक्षणात उत्प्रेरकाच्या जादा वापराचा शेरा आला असता, वसुली लागली असती आणि फिल्म मुद्देमाल म्हणून सीलबंद झाली असती. पुढे १९८७ मध्ये कोडॅक कंपनीच्या टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी सेंद्रिय पदार्थांच्या अतिपातळ थरांमधून उजेड पाडला. आज आपल्या हातातल्या महागड्या फोनचा पडदा त्याच ओएलईडीचा आहे. कोडॅकने तो व्यवसाय २००९ मध्ये एलजीला विकून टाकला. शोध अमेरिकेत लागला आणि कारखाने कोरियात व चीनमध्ये उभे राहिले, कारण तिथल्या सरकारांनी आणि कंपन्यांनी छापण्याच्या, थर चढवण्याच्या आणि तपासण्याच्या कंटाळवाण्या कामावर वर्षानुवर्षे पैसा घातला.

याहून साधे उदाहरण हवे असेल तर घरातल्या मधुमेही माणसाकडे पाहावे. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब ज्या पट्टीला लावतात, ती पट्टी छापील इलेक्ट्रॉनिक्सच आहे. प्लास्टिकवर कार्बनची आणि चांदीची शाई स्क्रीनमधून छापून इलेक्ट्रोड तयार करतात, त्यावर विकर (एन्झाइम) चढवतात, आणि साखरेच्या प्रमाणात जो सूक्ष्म प्रवाह निघतो तो यंत्र मोजते. ऑक्सफर्ड आणि क्रॅनफिल्ड इथल्या संशोधनातून अशा पट्ट्या १९८७ मध्ये बाजारात आल्या. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या इंडियाब पाहणीने २०२३ मध्ये देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचे सांगितले. प्रत्येकाने रोज नव्हे, आठवड्याला एकच पट्टी वापरली तरी वर्षाला पाचशे कोटींवर पट्ट्या लागतात. पट्टीला दहा रुपये धरले तर पाच हजार कोटी रुपये होतात. हिशेब ढोबळ आहे, पण आपल्या खात्याने तेवढाही केल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

आणि सौर ऊर्जेचे काय? फेब्रुवारी २०२४ मध्ये एक कोटी घरांच्या छतांवर सौर पॅनेल बसवण्याची पंतप्रधान सूर्यघर योजना जाहीर झाली. त्या पॅनेलमधल्या निळ्या-काळ्या सेलवर ज्या बारीक चंदेरी रेघा दिसतात, त्यांतल्या बहुतेक स्क्रीनमधून चांदीची पेस्ट दाबून छापलेल्या असतात. तीच स्क्रीन, तोच स्क्वीजी, तीच चांदी. ते काम हजार कोटींच्या कारखान्यात झाले की ते हरित ऊर्जेतले उच्च तंत्रज्ञान ठरते आणि तीन टेबलांच्या शेडमध्ये झाले की ते मुद्रण ठरते. राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणात विभाग १८ छपाईचा आहे आणि विभाग २६ संगणक, इलेक्ट्रॉनिक व ऑप्टिकल उत्पादनांचा. माझ्या वडिलांनी कधीकाळी नोंदणी करताना १८ लिहिले होते आणि ते खरेही होते. आज माझ्या बिलांवर एकही लग्नपत्रिका नाही, सगळा माल विद्युत उपकरणांत जातो, हे कागदोपत्री दाखवूनही तो १८ आमच्या मानेवरून उतरत नाही. उद्यम नोंदणीत आम्ही २६ जोडून घेतला. त्यावर कार्यालयाचे म्हणणे असे की प्रत्यक्ष पाहणीत घटकाच्या जागेवर ‘छपाईची यंत्रे आढळून आली’. अहो, आढळणारच! छापील इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात छपाईची यंत्रे आढळली नसती तर आम्हाला खुशाल फसवणुकीखाली अटक करावी.

वास्तविक इलेक्ट्रॉनिक्सच्या सगळ्या शाखांमध्ये लहान माणसाच्या आवाक्यातली जर कोणती शाखा असेल तर ती हीच आहे. सिलिकॉनची चिप बनवायला हजारो कोटींचा कारखाना आणि धूळविरहित दालने लागतात, तर सेन्सर, कीपॅड, तापवणारी फिल्म, अँटेना हे बनवायला चांगली स्क्रीन, चांगला ओव्हन आणि तयार हात पुरतात. आम्हाला कमी पडते ती तपासणी. म्हणून आम्ही लहान उद्योजकांनी एकत्र येऊन कंपनी स्थापन केली, आपापला हिस्सा भरला आणि सरकारकडे यंत्रे मागितली, तीही छापण्याची नव्हेत, मापण्याची. थराची जाडी मोजणारे सूक्ष्मदर्शक, चार टोकांनी रोध मोजणारा प्रोब, दमट हवेची पेटी आणि फिल्म हजारो वेळा वाकवून पाहणारे यंत्र. ही सगळी सामग्री मिळून आपल्या ताफ्यातल्या गाड्यांपेक्षा फार महाग पडली नसती.

आता माझे स्वतःचे सांगते. माझा हिस्सा भरण्यासाठी आईच्या नावावरची जमीन मी बँकेकडे गहाण टाकली. आईने विचारले, सरकारचे काम आहे ना, मग बुडणार नाही ना? मी तिला कोनशिलेचा वर्तमानपत्रात आलेला फोटो दाखवला होता, ज्यात आपण हसत आहात. त्या कर्जाचा हप्ता आजही दर महिन्याला जातो, केंद्राच्या जागेवर मात्र गवत वाढले आहे आणि कोनशिलेला टेकून कोणीतरी लोखंडी पत्रे रचून ठेवले आहेत. दरम्यान वैद्यकीय उपकरणे बनवणाऱ्या एका कंपनीने आमच्याकडून अंगाला चिकटवण्याच्या इलेक्ट्रोडचे नमुने घेतले. नमुने त्यांना आवडले. मग त्यांनी दहा हजार वेळा वाकवल्यानंतरच्या रोधाचा आणि दमट हवेतल्या टिकाऊपणाचा अहवाल मागितला. मी जुन्या शिवणयंत्राची मोटार घेतली, तिला दांडा जोडला आणि टेल पुढेमागे वाकवणारे यंत्र घरीच तयार केले. दोन्ही टोकांना मल्टिमीटर लावून रात्रभर आकडे लिहून काढले. त्यांचे अभियंते आले, यंत्राचा फोटो काढून घेतला, मनापासून कौतुक केले आणि म्हणाले, मॅडम, एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचा अहवाल लागेल. तो आमच्या पंचक्रोशीत मिळण्याची सोय नव्हती, लांबून करून घेण्याचा खर्च अख्ख्या नमुन्यांच्या किमतीपेक्षा जास्त होता, आणि अहवाल हाती येईपर्यंत ती मागणी चीनला गेली. चिनी इलेक्ट्रोड आमच्यापेक्षा चांगला होता असे कोणी म्हटलेले नाही. त्याच्यासोबत कागद होता, एवढेच.

वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडे असलेल्या एक मावशी भिंग न लावता दोन थरांमधली पाव मिलिमीटरची चूक सांगत असत. मागणी गेल्यावर त्यांना पूर्ण पगार देणे मला जमेना. आता त्या एका खाद्यपदार्थांच्या कारखान्यात पाकिटे मोजतात. कौशल्य विकासाच्या आपल्या जाहिरातींवर जो खर्च होतो तो पाहते तेव्हा त्या मावशींचा डोळा घडवायला किती वर्षे लागली होती हे आठवून संताप येतो, आणि तो या पत्रात उतरत असेल तर उतरू दे.

यावर आपले कार्यालय उत्तर देईल की देशात अशी केंद्रे आहेत. आहेत ना. कानपूरच्या आयआयटीत लवचिक इलेक्ट्रॉनिक्सचे राष्ट्रीय केंद्र आहे आणि तिथल्या कामाबद्दल मला आदर आहे. पण टेलचे पन्नास तुकडे घेऊन मी सुमारे दीड हजार किलोमीटर जावे अशी अपेक्षा आहे काय? पुण्यात पाषाणला केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याची सी-मेट ही प्रयोगशाळा आहे आणि चांदीच्या पेस्टवर काम केलेली माणसे तिथे आहेत. चांदी हुपरीत, पेस्टचे ज्ञान पुण्यात, छापणारे हात आमच्याकडे आणि गिऱ्हाईक चाकणला, हे सगळे दोन-अडीचशे किलोमीटरच्या पट्ट्यात असताना या चौघांची गाठ घालून देणारे एकही कार्यालय या राज्यात असू नये? मला शाई परदेशातून आणावी लागते ती ज्ञान नाही म्हणून नव्हे. प्रयोगशाळेतल्या शंभर ग्रॅम पेस्टचा शंभर किलोचा घाणा काढण्यात आपल्याकडे कोणालाच रस नाही, म्हणून.

रस कशात आहे हे आम्ही पाहिले आहे. डिसेंबर २०२१ मध्ये सेमीकंडक्टर आणि डिस्प्लेसाठी ७६,००० कोटींचा कार्यक्रम मंजूर झाला. मार्च २०२५ मध्ये इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांसाठी २२,९१९ कोटींची योजना आली, तेव्हा आता तरी आपली वर्णी लागेल या आशेने मी तिची मार्गदर्शक तत्त्वे छापून घेऊन वाचली. किमान गुंतवणुकीचे आकडे कुठे ५० कोटी, कुठे २५० कोटी आणि त्याही पुढचे. दुसरीकडे याच सरकारने १ एप्रिल २०२५ पासून अडीच कोटींपर्यंतच्या गुंतवणुकीला सूक्ष्म उद्योग म्हटले आहे. म्हणजे ज्यांना आपण सूक्ष्म म्हणता त्यांना योजनेच्या दारातून आत येण्यासाठी आधी कित्येक पट मोठे व्हावे लागेल, आणि एकदा ते झाले की योजनेची गरज कोणाला?

सप्टेंबर २०२२ मध्ये तळेगावचा वेदान्त-फॉक्सकॉन प्रकल्प गुजरातला गेला तेव्हा केवढे रणकंदन झाले! १.५४ लाख कोटी रुपये, त्यातही मोठा वाटा डिस्प्लेचा. तो कोणी घालवला यावर सत्ताधारी आणि विरोधक एकमेकांच्या अंगावर धावून गेले. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली आणि ज्याच्यासाठी आपण सर्वपक्षीय गळे काढलेत तो एकत्रित प्रकल्प त्या रूपात ना इकडे उभा राहिला ना तिकडे. त्या गदारोळात डिस्प्लेच्या मागच्या फिल्मवर शाई कोण छापणार हे विचारायला एकही आमदार उठला नाही. न आलेल्या कारखान्यासाठी विधिमंडळ डोक्यावर घेतले जाते आणि असलेला कारखाना बंद पडताना एक लिपिक ‘निकाली’ असा शिक्का मारतो. मोठ्या प्रकल्पाला फीत असते, हेलिकॉप्टर असते, सामंजस्य करार असतो. आमच्याकडे पोतेभर चिंध्या असतात. बरे, हा दोष एकट्या आपल्या पक्षाचा आहे असे म्हणायची सोय नाही, कारण आधीच्यांनीही आम्हाला लघुउद्योग हा अर्थव्यवस्थेचा कणा आहे असेच सांगितले होते आणि त्या कण्यावर याच पद्धतीने पाय ठेवला होता. अर्ज ऑनलाइन झाले आणि कागद मात्र तीन प्रतींत लागतात ते लागतातच. एक खिडकी म्हणून जी काही आहे तिच्यामागे पूर्वीच्याच साऱ्या खिडक्या रांगेने उभ्या आहेत.

तेव्हा मागण्या लिहिते. प्रस्ताव पुन्हा उघडावा आणि तो तपासणाऱ्या समितीवर छापील इलेक्ट्रॉनिक्स स्वतःच्या हाताने केलेला निदान एक माणूस असावा, मग तो सी-मेटचा असो, आयआयटीचा असो की एखाद्या कारखान्याचा. वाहक, अर्धवाहक किंवा विद्युतरोधक शाईने फिल्मवर परिपथ छापणारा घटक इलेक्ट्रॉनिक घटक समजावा असे एक पानी परिपत्रक काढावे. त्याला मंत्रिमंडळाची बैठक लागत नाही, टंकलेखन लागते. केंद्र उभारायचेच नसेल तर निदान दमट हवेची पेटी आणि वाकवण्याचे यंत्र जवळच्या एखाद्या शासकीय तंत्रनिकेतनात बसवून त्याला एनएबीएल मान्यता मिळवून द्यावी. विद्यार्थ्यांनाही ते उपयोगी पडेल आणि आम्ही शुल्क भरू.

यातले काहीच होणार नसेल तर आमचा हिस्सा परत करावा. त्याबाबत आपल्याला नवा नियम करण्याची तसदी नको. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायदा २००६ मध्ये, लहान उद्योगाचे पैसे ४५ दिवसांपलीकडे अडकवणाऱ्या खरेदीदाराने रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढीने, व्याज द्यावे अशी तरतूद आहे. सरकार आमचे खरेदीदार नाही, त्यामुळे हे कलम आपल्याला लागू होत नाही, असे आपले विधी सल्लागार सांगतील आणि ते बरोबरच असेल. मी तो दर केवळ हिशेबासाठी सुचवत आहे. कोनशिलेच्या तारखेपासून मोजावे. तारीख शोधायला फाइल लागणार नाही. पत्रे बाजूला केले की दगडावर आपल्या नावाखालीच ती कोरलेली आहे.

कळावे,

आपली,
एक सूक्ष्म उद्योजिका
(विभाग १८, आपल्या म्हणण्यानुसार)